राहताना परवडणारे घर



आजचा विषय चिटणीसांनी पत्रिकेत 'परवडणारी घरे' असा छापला आहे. आम्ही तो थोडा बदलून घेत आहो, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. आम्ही व्यवसायाने स्थापत्यविशारद नाही. घरांविषयी वाचणारे, हिंडून घरे पाहणारे आणि आपल्या सर्वांप्रमाणे उन्हाळ्यात उकडून घेणारे एक नागरिक आहो. अधिकार असलाच तर या तिसऱ्या गोष्टीचा.

आपल्यापैकी जे गच्चीखालच्या मजल्यावर राहतात त्यांना वैशाखातली रात्र वेगळी सांगावयास नको. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, रस्त्यावर चांगला वारा सुटलेला असतो, आणि घरात मात्र डोक्यावरची स्लॅब दिवसभर साठवलेले ऊन हप्त्याहप्त्याने परत करीत असते. पंखा फिरतो, पण तो तापलेलीच हवा ढवळतो. मग कोणी गच्चीवर पाणी मारतो, कोणी अंथरूण उचलून गच्चीतच जातो. ज्याला ऐपत असते तो यंत्र बसवतो आणि त्या यंत्राचे बिल दर महिन्याला भरतो. घर विकत घेताना या बिलाचा आकडा कोणत्याही जाहिरातीत नव्हता. घर 'परवडणारे' होते ते विकत घेताना. राहताना परवडेल की नाही, हा प्रश्न विकणाराने विचारला नाही आणि घेणारालाही सुचला नाही.

आजचे आमचे बोलणे या दुसऱ्या परवडण्याविषयी आहे.

विकणाराने तो का विचारावा? इमारत बांधणाऱ्याचा आणि त्या इमारतीचा संबंध चाव्या हाती दिल्या की संपतो. भिंत तापते की नाही याचे सुखदुःख त्याला नाही, कारण विजेचे बिल त्याच्या नावावर येत नाही. यात त्याच्या दुष्टपणाचा काही भाग नाही, धंद्याची घडणच तशी आहे. नकाशा काढणाऱ्याचीही गत तीच. त्याची फी बहुधा बांधकामाच्या खर्चावर टक्क्यांनी ठरते. समजा, दहा लाखांचे घर आहे आणि फी पाच टक्के आहे, तर त्याला पन्नास हजार मिळतील. त्याने चार रात्री जागून, डोके लढवून तेच घर सात लाखांत बसवले तर त्याच्या हाती पस्तीस हजार येतील. अक्कल अधिक खर्च केली आणि मिळकत पंधरा हजारांनी घटली! ज्या व्यवहारात काटकसर करणाराला दंड बसतो, त्या व्यवहारातून काटकसरीचे घर निघावे ही अपेक्षा भाबडी होय.

म्हणून नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांचा विचार करावा लागतो. 'ना-नफा' म्हटले की लोकांना धर्मशाळा आठवते. तसे नव्हे. गवंड्याला मजुरी द्यावीच लागते, विटा कोणी फुकट देत नाही, आणि राहणाराही फुकट राहत नाही. फरक इतकाच की व्यवहारातून जे उरते ते कोणाच्या खिशात जात नाही, कामातच परत येते, आणि त्यामुळे खर्च वाढण्यात कोणाचेच हित उरत नाही. आपल्याकडे ही कल्पना नवी मुळीच नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली ती १९१५ साली. मध्यमवर्गीयांना घरमालकाच्या दाराशी ताटकळण्यापेक्षा एकत्र येऊन आपले घर आपण बांधावे हे शंभर वर्षांपूर्वी सुचले होते. पुढे सहकारी सोसायटी म्हणजे पार्किंगवरून भांडावयाची जागा, असा अर्थ रूढ झाला, तो भाग निराळा.

आता आम्ही आपणांस केरळात नेणार आहो. त्यासाठी आधी मुंबईस थांबावे लागेल, कारण गोष्टीची सुरुवात तिथली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज चीनमधून परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत अडकला होता. जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचा. शिक्षणाने स्थापत्यविशारद, पंथाने क्वेकर, म्हणजे शस्त्र हाती न धरणारा. म्हणून युद्धात तो शुश्रूषापथकात गेला होता. मुंबईच्या त्या मुक्कामात त्याची महात्माजींशी गाठ पडली. गांधीजींचे लक्ष प्रथम गेले ते त्याच्या पायांकडे. चिंध्यांचे थर शिवून केलेले चिनी जोडे त्याच्या पायांत होते. असे जोडे करणाराविषयी कुतूहल वाटणे गांधीजींना साजेसेच होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी एक विचार सांगितला, तो बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्याचा आशय असा, की आदर्श खेड्यातले घर त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे.

तरुणपणी आपल्याला हा विचार चमत्कारिक वाटला, हे बेकर यांनीच प्रांजळपणे कबूल केले आहे. महाविद्यालयात पोलाद, काच, काँक्रीट शिकून आलेल्या माणसाला तो तसाच वाटणार. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनतर्फे हिंदुस्थानात परत आले आणि पुढे डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह करून हिमालयात पिथोरागडास जाऊन राहिले. एक-दोन नव्हे, सोळा वर्षे! तिथे डोंगराळ गावकऱ्यांची दगड-मातीची घरे पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की, ज्याला आपण अडाण्याचे बांधकाम म्हणतो ते शेकडो वर्षांच्या चुका सुधारून सिद्ध झालेले शास्त्र आहे. नंतर हे कुटुंब केरळात उतरले आणि १९७० च्या सुमारास त्रिवेंद्रमला स्थिरावले. १९७१ पासून त्यांनी तिथल्या उळ्ळूर भागात 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' या अर्थशास्त्रसंस्थेच्या इमारती उभारल्या, आणि बेकर पद्धत म्हणजे काय ते मोठ्या प्रमाणावर दिसले.

त्या आवारात पाहणाराला प्रथम काय जाणवते? गिलावा नाही. तांबड्या विटा उघड्या आहेत. भिंती झाडांना वळसे घालून जातात, कारण झाड तोडण्यापेक्षा भिंत वाकवणे स्वस्त. खिडक्या थोड्या आणि जाळ्या पुष्कळ. विटांमध्ये मोकळ्या जागा सोडून केलेली ही जाळी वारा आत घेते, ऊन बाहेर अडवते, आणि तिला लाकूड लागत नाही, काच लागत नाही, गज लागत नाहीत. आपल्या पडवीला, माजघराला हे ठाऊक होते.

दोन युक्त्या मात्र जरा तपशिलाने सांगितल्या पाहिजेत, कारण काटकसर आणि गारवा या दोन गोष्टी एकाच उपायाने कशा साधतात ते त्यांत दिसते.

पहिली भिंतीची. आपला गवंडी वीट आडवी ठेवतो. या पद्धतीत ती कडेवर उभी ठेवतात. समोरासमोर दोन विटा, मध्ये पोकळी, आणि ठरावीक अंतरावर दोहोंना जोडणारी आडवी वीट. वरून पाहिले तर उंदराच्या सापळ्यासारखी आकृती दिसते, म्हणून इंग्रजीतले तिचे नाव 'रॅट-ट्रॅप बाँड'. भिंतीची जाडी नेहमीइतकीच, नऊ इंच. पण विटा लागतात सुमारे एक चतुर्थांश कमी. आणि मधली पोकळी? तिच्यात कोंडलेली हवा उन्हाची वाट अडवते. म्हणजे जिथे वीट वाचली नेमका तिथेच गारवा मिळाला. विटा चौथाई वाचल्या, म्हणजे भट्टीत जळणारा कोळसा किंवा लाकूडही तितकेच वाचले, हा तिसरा लाभ.

दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबवर भार आला की ती किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब सोसण्यात काँक्रीट पटाईत, ताण सोसण्यात दुबळे. म्हणून ताण घेण्यासाठी खाली लोखंडी सळ्या घालतात. मग सळ्यांच्या अवतीभवतीचे ते खालचे काँक्रीट काय करते? सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. नुसते वजन वाढवते. बेकर यांनी सळ्यांच्या जाळीतल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौले ठेवली आणि वरून काँक्रीट ओतले. सिमेंट वाचले, स्लॅब हलकी झाली, म्हणून लोखंडही कमी लागले. दोन कौलांमध्ये हवा राहिली म्हणून उष्णता कमी उतरली. आणि खालून पाहिले तर छताला आपोआप नक्षी! हे गणित कोणत्याही इंजिनियराला येते, पण ते करून पाहण्यात त्याचे काही हित नसते, इतकेच.

सिमेंट वाचवणे ही केवळ पैशाची बाब नाही, हेही सांगितले पाहिजे. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी तेव्हा सिमेंटचा मूळ माल तयार होतो. त्यासाठी इंधन जळते, आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगात माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या या वायूपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरला जातो. म्हणजे घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच ते घर पुष्कळ ऊर्जा खाऊन बसलेले असते. ऊर्जेची बचत म्हणजे चांगला पंखा आणि चांगला दिवा, एवढीच आपली समजूत असते. ती अपुरी आहे. चांगला पंखा घ्यावाच. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो आणि नव्या जातीचा पस्तीसच्या आत भागवतो. पण जे घर स्वतःच तापत नाही त्याची बचत पंख्याने होणाऱ्या बचतीहून मोठी.

तर हे झाले एका माणसाचे कसब. एक माणूस कितीसे बांधणार? १९८० च्या दशकाच्या मध्यास केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज, टी. आर. चंद्रदत्त आणि बेकर यांनी मिळून त्रिचूरला 'कॉस्टफोर्ड' ही नफा न कमावणारी संस्था स्थापली. राजकारणी, अर्थशास्त्रज्ञ, कार्यकर्ता आणि स्थापत्यविशारद! अशी चौकडी आपल्याकडे एका टेबलाशी बसली तर बहुधा चहावरच उठेल. या संस्थेचे मर्म असे की, नकाशा काढणे आणि बांधणे ही दोन्ही कामे तिने आपल्याकडे घेतली. काटकसर सुचवणारा एक आणि ती हाणून पाडणारा कंत्राटदार दुसरा, ही नेहमीची फारकत तिथे उरली नाही. बेकर २००७ साली नव्वदाव्या वर्षी वारले. संस्थेचे काम पुढे चालू राहिले.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, मग सगळीकडे असेच का बांधत नाहीत? आम्हांलाही वाटले होते. त्याची उत्तरे बेकरभक्तांना फारशी आवडत नाहीत, तरी ती दिली पाहिजेत. एक म्हणजे या पद्धतीत माल कमी आणि हात अधिक. पैसा कारखान्याकडे न जाता गवंड्याकडे जातो. तत्त्व म्हणून हे उत्तम. परंतु बांधकामाची मजुरी देशात सर्वांत चढी जिथे आहे त्या राज्यांत केरळ अग्रभागी आहे. मजुरी चढली की या पद्धतीचा स्वस्ताईचा पल्ला आखूड होतो. शिवाय उघडी वीट आळशी गवंड्याला क्षमा करीत नाही. गिलावा हा चुका झाकणारा पदर असतो, आणि तो काढला की प्रत्येक दर्जा ओळंब्यात यावा लागतो.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ज्यांच्यासाठी हे घर बांधावयाचे त्यांना ते पुष्कळदा नको असते. जन्मभर विटामातीच्या खोपटात काढलेल्या माणसाला तुम्ही म्हणता, 'गिलाव्याची काय गरज? वीटच सुंदर दिसते.' तो मनात म्हणतो, 'तुमच्या घराला आहे ना गिलावा?' श्रीमंताची उघडी वीट ही अभिरुची ठरते आणि गरिबाची उघडी वीट म्हणजे अर्धवट राहिलेले घर. या आक्षेपात ढोंग नाही, जन्माचा अनुभव आहे. त्याला उत्तर एकच सुचते. असे घर आधी अर्थशास्त्रज्ञांना, प्राध्यापकांना, अधिकाऱ्यांना द्यावे. बेकर यांनी श्रीमंतांची, धर्मगुरूंची, सरकारी संस्थांची कामे त्याच विटांनी केली, यात आम्हांला मोठे शहाणपण दिसते.

आता आपल्या मुलखात परत येऊ. पाच मैलांचा नियम प्रामाणिकपणे लावला तर इथे केरळची वीट आणता येणार नाही. सोलापूर-लातूरकडे काळी जमीन आहे. तिची वीट चांगली होत नाही. दगड मुबलक आहे. त्या मुलखाने आपले उत्तर केव्हाच काढले होते, ते म्हणजे माळवद. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऊन असताना माळवदाच्या घरात शिरावे आणि डोळे मिटून गार उसासा टाकावा, असा तो प्रकार. पावसाळा गळू लागला की दरवर्षी वर थोडी माती टाकावयाची. थर वाढत वाढत जावयाचा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. भिंतींच्या दोन्ही अंगांचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. आतला थर आत आणि बाहेरचा बाहेर फुटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेली ती गार माती झोपलेल्यांवर आली. हजारो माणसे गेली. ज्या छताने उन्हापासून राखले त्याच छताने घात केला.

त्यानंतर त्या भागात माणसे माळवदाखाली झोपावयास भिऊ लागली, त्यांना कोण दोष देईल? त्यांनी स्लॅब घेतली, ज्यांना स्लॅब झेपली नाही त्यांनी पत्रा घेतला. पत्रा अंगावर पडला तरी माणूस सहसा मरत नाही. पण वैशाखात पत्र्याखाली तान्हे मूल आणि म्हातारे माणूस कसे दिवस काढतात ते एकदा दुपारी दोन वाजता जाऊन पाहावे. म्हणजे एकीकडे गार पण जीवघेणे घर, दुसरीकडे सुरक्षित पण भाजणारे. निवड या दोहोंतच आहे असे समजून आपण तीस वर्षे काढली. वास्तविक दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावे, चौकटींच्या पातळीवर भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवावा, छत हलके पण ऊन अडवणारे करावे, हे शास्त्राला ठाऊक आहे आणि ते अवाढव्य खर्चाचे नाही. खर्चाहून अधिक लागते ती देखरेख. प्रत्येक आरपार दगड बसला की नाही हे पाहणारा माणूस लागतो, आणि ज्याचा नफा दगड न बसवण्यात आहे तो माणूस तिथे उपयोगाचा नाही. नफ्याविना चालणाऱ्या संस्थेची गरज आम्हांला सर्वांत अधिक पटते ती या जागी.

अशी संस्था मराठी मुलखात उभी राहूच शकत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने सोलापूरजवळ कुंभारीला जावे. विडी वळणाऱ्या बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाने सहकारी गृहसंस्था काढली. माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्या कामात वर्षानुवर्षे घातली. केंद्राचे वीस हजार, राज्याचे वीस हजार आणि बाईचे स्वतःचे वीस हजार, अशी साठ हजारांची बेरीज. विडीच्या मजुरीतून वीस हजार म्हणजे किती विड्या, याचा हिशेब आपण घरी करावा. अशी दहा हजार घरे झाली आणि २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायकांना मिळाली. पुढे त्याच प्रयत्नातून रे नगरची तीस हजार घरांची योजना निघाली, आणि १९ जानेवारी २०२४ ला तिच्यातली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना दिली गेली. दोन पंतप्रधान, दोन पक्ष, आणि चिकाटी मात्र त्याच लोकांची.

तेव्हा घर मिळवण्याचे अर्धे काम सोलापूरने करून दाखवले आहे आणि घर गार ठेवण्याचे अर्धे काम त्रिवेंद्रमने. ही दोन अर्धी एकमेकांना भेटली पाहिजेत. नियमांची बाजूही आता पूर्वीइतकी कोरी नाही. केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. भिंतीतून किती उष्णता आत यावी याचे माप तिने घालून दिले आहे. परंतु माप कागदावर असते. हजारो घरांची योजना आखताना पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीला द्यावी, समोरासमोर खिडक्या कुठे ठेवाव्या, गच्चीला पांढरा रंग केव्हा द्यावा, दोन ओळींमध्ये झाडाला जागा किती सोडावी, हे नकाशाच्या पहिल्या कागदावरच ठरवावे लागते. तेव्हा ते जवळजवळ फुकट असते. घर झाल्यावर त्यातला रंग आणि झाड एवढेच हाती उरते.

आणि सोलापूरला हा प्रश्न सुखसोयीचा नाही. विडी वळणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो. ती मांडीवर सूप घेऊन बसते, सुपात तंबाखू, शेजारी फडक्यात गुंडाळलेली भिजवलेली पाने. पान ओले असते तोवर वळते, वाळले की चिरते. डोक्यावर पंखा जोरात लावला तर तंबाखू उडते आणि पान वाळते. पंखा बंद ठेवला तर वैशाखात छताखाली बसवत नाही. मग ती दाराशी सरकते, सावली सरकेल तशी सूप घेऊन सरकत राहते, आणि ऊन उंबऱ्यापर्यंत आले की त्या दिवशीच्या विड्या तितक्या कमी होतात.